तीनपासून

आमच्या बेटावर सूर आकड्यांनी लिहितात
आणि मोजणी तीनपासून सुरू होते.
एक आणि दोन कुठे गेले,
असं मी पहिल्याच तासाला विचारलं.
वाईपुना सर फळ्यावरचा खडू न उचलता म्हणाले,
"ते मागे बसलेत. ऐकतायत."
वर्ग हसला. मी वळून पाहिलं, तेव्हा आणखी हसला.

पहिले दोन महिने हातात वाद्य नव्हतं.
नुसते ओठ.
मिटलेल्या ओठांनी माशीसारखं भणभणायचं,
एकोणतीस मुलं एका पत्र्याखाली,
आणि खिडकीबाहेर बोटीचं इंजिन उघडून बसलेला माणूस
वैतागून पाना आपटायचा,
नेमका ठेक्यावर.

मग एके दिवशी कपाट उघडलं.
खाऱ्या हवेनं हिरवी पडलेली कॉर्नेटं.
राखेच्या वर्षी उघडे राहिलेले तीन ट्रॉम्बोन,
अजून नळी ओढली की करकरतात,
भातात खडा यावा तसे.
आणि सगळ्यांच्या तळाशी, गाभण डुकरिणीसारखं पसरलेलं
युफोनियम.

फेहोकोचं.
तो गेला ऑस्ट्रेलियात ब्रोकोली कापायला.
पेटीत त्याचं नाव खिळ्यानं कोरलेलं,
एक चॉकलेटचा कागद,
चर्चच्या वर्गणीचं रिकामं पाकीट.
वाद्याच्या पोटाला एक पोचा, त्याच्या गुडघ्याच्या मापाचा.
माझा गुडघा त्यात बसत नाही, हिंदकळतो.

सर म्हणाले, "हुलिता, हे तुझं.
संध्याकाळी डुकरांना हाक मारतेस
ती मला पलीकडच्या गावात ऐकू येते."

कॉर्नेटवाल्यांना अख्खी गोष्ट सांगायला मिळते.
माझ्या कागदावर फक्त
३ – – ७ – – ३ – – ७
म्हणजे मी नुसता हुंकार द्यायचा,
गोष्ट सांगणाऱ्याला झोप लागू नये म्हणून.
आई म्हणाली, एवढंच? मग इतकं जड कशाला?

मालाकाई गेला. फेरीची तिकिटं फाडणारा.
शाळेचा बँड बोलावला.
दफनभूमीत पांढरी वाळू नव्यानं पसरलेली,
मागे काठ्यांना ताणून बांधलेली गोधडी वाऱ्यानं फुगलेली,
काळ्या कपड्यांवर कमरेला चटया गुंडाळून उभी माणसं,
आणि आमच्या गणवेशांना अजून इस्त्रीचा वास.

सरांनी हात उचलला.
चार मोजून सगळ्यांनी शिरायचं होतं.
मी दोन मोजले
आणि तीन वाजवला.

एकटा. लांबलचक. भरदुपारी.
पुढच्या ओळीतल्या सिओनेचे कान लाल होताना मला दिसले.
कुंपणाशी एक डुक्कर उठलं आणि निघून गेलं.
थांबावं, तर श्वास संपेना,
इतका भरून घेतला होता भीतीनं.

सरांनी हात खाली आणला नाही.
माझ्याकडे पाहिलंही नाही.
डावा तळवा तेवढा जरा उताणा केला,
ओझं घेतल्यासारखा,
आणि माझा सूर विरायला लागला तिथं
उजव्या हातानं सगळ्यांना आत घेतलं.

मालाकाईच्या बहिणीनं नंतर माझा गाल ओला केला.
म्हणाली, सुरुवात छान होती गं.
फेरी सुटताना भोंगा देते ना, तशी.
मी काही बोलले नाही.
खरं सांगायची ती वेळ नव्हती,
आणि नंतर ती वेळ आलीच नाही.

सोमवारी फळ्यावर तीच चाल लिहिलेली,
पण आधी एक नवा रकाना,
त्यात एकच आकडा, पुढे लांब रेघ.
सर म्हणाले, "इथे फक्त युफोनियम."
सिओने माझ्याकडे वळून बघत राहिला. मी खिडकीबाहेर.

रात्री फेहोकोचा फोन आला, मागे ट्रॅक्टरचा आवाज.
त्याला सगळं कळलं होतं. त्याबद्दल बोलला नाही.
"त्यात पाणी साठतं," म्हणाला,
"खालची चावी दाबून काढत जा, नाहीतर गुरगुरतं."

मी अंगणात जाऊन चावी दाबली.
बरंच पाणी निघालं.
सगळं माझंच असेल असं वाटत नाही.