भाडेवही

भुसावळला, स्टेशनाच्या मागच्या अंगाला,
खाली पाच गाळे, वर सात खोल्या.
इमारत वडिलांच्या नावावर,
किल्ल्या द्वारकाआत्याच्या कमरेला.
यंदा तिच्या गुडघ्यांनी जिना नाकारला
म्हणून मी आले, नाशिकहून, रजा टाकून,
शिकायला.

पहिल्या दिवशी तिनं किल्ल्या दिल्याच नाहीत.
कुलपं ऐकायला लावली.
"तिनाचं उलटं फिरते.
चाराचं फिरतच नही, त्याले समजावा लागते."

मग वेळा.
"गाळ्याचं भाडं बोहनीच्या आधी मांगजो नको,
खोलीचं मांगजो नको दिवेलागणीले.
आन उंबऱ्याच्या आत पाय टाकजो नको.
आत गेली का चहा येते,
चहा आला का महिना पुढे जाते."

मी रकाने पाडले:
अकरा महिन्यांचे करार, अनामत, सबमीटरचे आकडे.
खोली पाच, मालगाडीवरचे दोघे, पलंग एकच,
एक ड्यूटीवरून उतरतो तेव्हा दुसरा चढतो.
एकाचं भाडं फोनवर टिंग करतं,
दुसऱ्याचं खिशातून निघतं, घामानं मऊ झालेलं.
खोली दोनच्या कूलरनं सज्जा फुगला.
ओल कुणाच्या खात्यात टाकायची,
हे कुठल्याच कलमात नव्हतं.

गाळा दोन, इक्बाल पिंजारी, गाद्या-उशा.
दोन महिने थकलेले.
मी नोटीस टाईप करून घेतली, चांगली जाड कागदावर.
तो आला, कानाच्या पाळीला कापूस लागलेला.
"बेटी, जरा वाचून दाखव."
मी वाचू लागले. 'सदरहू जागा'
इथपर्यंत आवाज होता माझा,
'खाली करून द्यावी'पर्यंत उरला नाही.
आत्यानं कागद घेतला, उलटा केला,
कोऱ्या बाजूवर लिहिलं:
दर बुधवारी पाचशे.
एक रुपया सोडला नाही.
तो गेल्यावर म्हणाली,
"माफ केलं तं मानूस तोंड चुकवते.
हप्ता पाडला तं शटर उघडते."

सबमीटरचं जुनं रीडिंग शोधता शोधता
मी फडताळातल्या वह्या काढल्या.
कसर लागलेल्या, लाल कापडी पाठीच्या.
खोली सात.
मला वाटलं होतं, हा रकाना कोराच असणार.
सातात तर तीच राहते.

'खोली ७. द्वारका. रोख ४५. मिळाले.'
दर महिन्याला.
देणारीचं अक्षर आणि घेणारीचं
एकच.
एका ऑगस्टपुढे 'बाकी'.
सप्टेंबरात 'मागील बाकीसह जमा'.
गाळा तीनमध्ये तेव्हा ती पिको-फॉलचं मशीन चालवायची,
त्या गाळ्याचं भाडंही वेगळं लावलेलं,
बाजारभावानं.

विचारलं, तेव्हा ती शेंगा फोडत होती.
फोडतच राहिली.
"सासरहून आली तं भाऊ म्हने, राह्य, तुहंच घर.
तुहंच म्हनलेल्या घरातून
कधीबी जाय म्हनता येते, बाई.
भाडोत्र्याले नोटीस द्या लागते."
टरफलं सुपाच्या एका कडेला लोटली.
"मले आजवर कोनी नोटीस देल्ली नही."

आज एक तारीख.
गाळ्यांना दहा टक्के वाढ, खोल्यांना सात.
मीच ठरवली, फळ्यावर लावली.
आत्याचा आकडा मी मागचाच ठेवला होता,
मुद्दाम, न बोलता.

दुपारी ती आली.
भिंतीला धरून तीन खोल्या ओलांडत,
आणि माझ्या उंबऱ्याबाहेर थांबली.
"आत ये ना."
आली नाही.
"सातले वाढ काहून नही लावली?
मी काय तुही पाहुनी हाये?"

सात टक्के धरून हिशेब केला.
सुट्टे नव्हते तिच्याकडे,
मी चार रुपये परत केले, ते तिनं मोजून घेतले.
तेवढ्याशा रकमेला रेव्हेन्यू स्टॅम्प लागत नाही.
तरी तिनं कनवटीचा काढून दिला.
जिभेला लावून मी तो चिकटवला,
त्यावरून आडवी सही केली.

माझ्या अक्षरातली पहिली पावती
तिनं उन्हाकडे धरून वाचली,
चार घड्या घातल्या
आणि चाराचं कुलूप बघून घ्यायला सांगून गेली.