गुरुवारचं बिल

गणपती पेठेच्या मागं, हळदीच्या वखारीला लागून
बसलिंगअण्णांची खानावळ आहे.
पेन्शनच्या कामाला सांगलीत बँकेत आले की
गुरुवारी तिथंच जेवते.
कोपऱ्यातलं टेबल, कटकट करणारा पंखा,
हळदीनं पिवळा पडलेला खिडकीचा गज.

कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भरलं वांगं.
वाढतो मायाप्पा, जतकडचा पोरगा.
"बाई, आनी आमटी?" म्हणतो
आणि उत्तराआधी वाटी भरतो.

बिल आलं.
मी ते त्याच्या हातात असतानाच वाचलं, उलटं.
तेहतीस वर्षं वीजबिलाच्या खिडकीत बसलेल्या बाईला
आकडे पालथे असले तरी चालतात.
थाळी एकशे चाळीस. जादा भाकरी दोन, चाळीस. ताक वीस.
दोनशे.
दही नव्हतं.
दही मी खाल्लं होतं.
वाटीच्या कडेनं बोट फिरवल्याची रेघ अजून ओली होती.

मनात पहिला हिशेब काय झाला, लपवत नाही:
दोनशे तीस ठेवावेत,
वरचे तीस मायाप्पाला टिप.
तो सलाम करेल, मी मोठी होईन,
आणि दही जाईल अण्णांच्या खात्यावर.
दुसऱ्याच्या म्हशीचं दूध, आपल्या नावाचा नैवेद्य.

तेव्हा हरिपूरचा तो माणूस आठवला.
मीटर अडकलेलं, बिल आलेलं सत्तावीस रुपये.
खिडकीशी येऊन म्हणाला, "मॅडम, हे कमी आलंय."
एरवी लोक यायचे ते जास्त आलं म्हणून.
त्यांना सांगायला वाक्य होतं: आधी भरा, मग बघू.
याला काय सांगायचं ते ऑफिसनं शिकवलं नव्हतं.
"गप घरी जावा," म्हटलं, "फायदाच झालाय न्हवं?"
तो लगेच गेला नाही.
मागची रांग ओरडेपर्यंत
ते बिल दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

उठले. गल्ल्याशी गेले.
"अण्णा, बिलात दही राहिलंय."
"असू द्या की बाई, घरचंच हाय," अण्णा हसले,
आणि मान वळवून मायाप्पाला कानडीत काहीतरी बोलले.
मला कानडी येत नाही,
पण पगारातून कापणं कुठल्याही भाषेत कळतं.
"त्याची चूक नाही," मी घाईनं म्हटलं,
"बिल झाल्यावर मागवलं मी दही."
खरं सांगायला उठलेली बाई,
चार पावलांवर खोटं बोलली.
तीस रुपये तेवढे गल्ल्यात गेले.

बडीशेपेच्या बशीत वीसची नोट सरकवायला गेले
तर शेजारच्या टेबलावरचा हमाल
भाकरी मोडता मोडता, वर न बघता म्हणाला,
"बशीतलं गल्ल्यात जातंय, बाई. हातात द्या."
म्हणजे इतके गुरुवार
मी टिप देत होते कुणाला?

पुढच्या गुरुवारी सर्दी होती. दही सांगितलं नाही.
बिल आलं.
पहिल्याच ओळीत दही, तीस,
खाली दोन रेघा मारलेल्या.
मग थाळी. मग बाकीचं.
मायाप्पा शेजारी उभा,
तपासायला वही दिलेल्या पोरासारखा.
अण्णांची नजर गल्ल्यावरून इकडंच.

पर्स उघडली होती, ती मिटली.
पदर सावरून परत बसले.
"बिल बरोबर आहे, मायाप्पा," म्हटलं,
"दही तेवढं आणायचं राहिलंय."