तराजूत न आलेला दाणा

खिओस बेटाच्या दक्षिणेला, फक्त दक्षिणेलाच,
मस्तिकाचं झाड रडतं.
उत्तरेत लावलं तर वाढतं, पानं धरतं,
डोळे मात्र कोरडे ठेवतं.
का, ते मला अजून कळलेलं नाही,
आणि माझ्याकडे तर प्रयोगशाळेची किल्ली आहे.

जुलैत काल्लिरॉई मावशी बुंध्याखाली
पांढरी माती चाळून पसरते, तळव्याने सपाट करते.
मग टोकदार लोखंडाने सालीवर चिरा.
बोटभर. फार खोल नाही.
"जखम अशी द्यावी," ती म्हणते,
"की झाडाने दात धरू नये."

पंधरा दिवसांत थेंब घट्ट होतात.
हिवाळ्यात बायका मेजाभोवती बसून
एकेक दाणा चाकूने खरवडतात :
माती, काडी, मुंगीचा पाय.
गप्पा चालू, हात चालू, दाढा रिकाम्या.
तोंडात गेलेला दाणा
तराजूत येत नाही.

मी अथेन्सहून आले ती कापसाची काडी घेऊन.
"आ कर."
दोन दात. एक वर, एक खाली, एकमेकांना न भेटणारे.
मुळाशी पिवळट थर,
थरात म्युटन्स जातीचे जंतू,
साखर खाणारे, साखरेचाच चिकट गारा कालवून
घरं बांधणारे, आणि भाडं म्हणून
भिंतीलाच भोक पाडणारे.
लग्नांतले साखरबदाम, पाहुण्यांपुढे चमचाभर चेरीचा मुरंबा,
आणि पाहुणे गेल्यावर
बरणीतला तिचा स्वतःचा चमचा.

बशीत त्यांना वाढवलं, सदतीस अंशांवर.
मधोमध कागदाची टिकली, डिंकाच्या अर्कात भिजवलेली.
सकाळी टिकलीभोवती स्वच्छ गोल,
चंद्राला खळं पडावं तसा.
मोजपट्टी लावली. अकरा मिलिमीटर.
एकटीच हसले.

पण दुसऱ्या बशीत, जिथे त्यांना आधी
थर बांधू दिला होता,
वरचे मेले; खालचे गारा पांघरून पडून राहिले.
तेही वहीत लिहिलं. जरा बारीक अक्षरात.

फोनवर मावशी : "मेले का?"
"काही मेले. बाकीचे दबून आहेत."
"म्हणजे आपल्या गावासारखं."

मग बराच वेळ नुसती चाकूची खरखर.
दात आहेत तर चणे नाहीत, म्हणतात.
इथे चणे पोत्याने होते,
दातांसमोरच होते,
सत्तर वर्षं
वजन करून विकले.

"थांब," ती म्हणाली.
फोन मेजावर ठेवल्याचा आवाज.
मग काहीच नाही.
मग, "कडू आहे गं."
"चावत राहा."
"कशाने?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन.
दाणा अजून आहे, म्हणाली.
जिभेने फिरवत होते. मऊ झालाय.
रात्री बशीत काढून ठेवला होता,
उशाशी.