जरासा

नववीच्या वर्गात लेनगुरे सरांनी
ब्रह्मपुरीहून मागवलेली सीडी लावली,
पोरांचं इंग्रजी सुधारावं म्हणून विलायतेतला विनोद.
छत गळतंय. पाणी घोट्याला, मग गुडघ्याला,
खुर्चीतला साहेब कपबशी छातीपर्यंत उचलून
बायकोला म्हणतो : आज जरासं दमट आहे, नाही?
टीव्हीच्या आतली माणसं खो खो हसली.
बाहेरची आम्ही त्रेचाळीस पोरं
एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.
मागून सुनंदा सोनुले म्हणाली,
"सर, कवेलू फेरून घेतले नाही का त्यायनं?"

सर खडू घेऊन समजावत राहिले :
तिकडे दुःख मोठ्यानं सांगणं असभ्य,
तिकडे ज्याचा पाय तुडवला गेला तोच माफी मागतो,
आणि मालकाची खरी अक्कल त्याच्या नोकराकडे असते.
आम्ही वहीत उतरवून घेतलं.
विनोद समजावणं म्हणजे
शितं मोजून भात वाढणं.

त्याच हिवाळ्यात पत्रू गुरनुलेचा बैल वाघानं मारला.
गार्ड आला, मांडीवर वही.
"वाघ किती वेळ होता?"
"होता जी, पाचदहा मिनिटं."
"काय केलं त्यानं?"
"काही नाही. बैलासंगं बसला. ओळखीचे असतीन."
गार्डनं तेही लिहून घेतलं.
रात्री बोडीच्या पारीवर शेकोटीशी
लोकांनी ते वाक्य त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं
आणि हसता हसता कोणी डोळे पुसले.
धूर होता बराच.
पत्रू तेवढा हसला नाही.

मंडईच्या रात्री तोच दंडारीत साहेब झाला.
उलट्या टोपलीची हॅट, तोंडाला तांदळाचं पीठ, बगलेत छत्री.
बांधीत उतरला, पायाखालच्या धानाला म्हणाला, सॉरी.
म्हैस तळ्यावर पाणी पीत होती,
तर हा तिच्यामागे रांगेत उभा.
म्हशीनं शेण टाकलं. हा म्हणाला, थँक्यू.
पुढच्या खुर्च्यांवर सरपंच, राईसमिलवाले, पोलीसपाटील
पोटं धरून.
मागे तणसावर बसलेले जरा दबून;
खुर्च्या हसल्यावर हसायचं, असा रिवाज.

मग पत्रूनं छत्री मिटली.
हॅट काढली नाही, फक्त आवाज बदलला.
कमरेवर हात, गालात खर्रा :
"घरकुलाचा कागद आणला का? ठेव. उद्या ये.
परवा ये. पोरीचा लग्न झाला का मंग ये."

एक क्षण कोणीच नाही.
मग हसू तणसावरून उठलं,
बाया बसल्या होत्या त्या अंगानं आधी,
आणि पुढं सरकत सरकत खुर्च्यांच्या पाठीला लागलं.
सरपंच सगळ्यांत शेवटी हसले.
न हसून चालणार नव्हतं,
न हसते तर आवाज कोणाचा ते कबूल झालं असतं.
लेनगुरे सर मंडपाच्या बांबूला टेकून उभे होते.
सोमवारी त्यांनी सीडी परत पाठवली.
इंग्रजीचा पुढचा धडा पत्रलेखनाचा होता.

मागच्या मे महिन्यात पत्रूला पाहायला
गडचिरोलीच्या दवाखान्यात गेलो.
सत्तेचाळीस अंश. लाईन गेलेली. नाकात नळी.
कसा आहेस, विचारलं.
"बेस आहे. श्वास तेवढा उशिरा येते.
एस्टीनं येत असन."
मी एकटाच मोठ्यानं हसलो.
नर्सनं वळून पाहिलं,
शेजारच्या खाटेवरच्या बाईनं पदर सारखा केला.

तो खिडकीकडे बघत होता.
बाहेर डांबर मऊ पडलेलं,
एक कुत्रा नळाच्या ओल्या जागेवर पोट टेकून.
"आज जरासा तापला," पत्रू म्हणाला, "नाही?"

माझ्या हातात कँटीनचा चहा होता.
हो, म्हटलं, जरासा.
आणि कप थोडा वर धरला.