देव चांगला आहे कोल्ड स्टोअर

पाटीवर हेच नाव आहे. नवऱ्याने ठेवलेलं,
निळ्या रंगात, कडेला दोन बांगडे.
रंगाऱ्याच्या हातून काय झालं कोण जाणे,
बांगडे हसतात.
सेकोंडीत अशा पाट्या गल्लोगल्ली:
‘कृपा टायर्स’, ‘कालव्हरी केशकर्तन’,
आणि ‘तो येतोय’ नावाची
शवपेट्यांची वखार.

नवरा गेला. पाटी राहिली, चार फ्रीझर राहिले,
आणि बँकेचं पत्र, दर महिन्याला नवं.

आज तिसरी रात्र, वीज नाही.
डिझेल आणावं तर पगार जातो,
पगार द्यावा तर माल जातो.
झाकण उघडायचं नाही, हा पहिला नियम.
मी बाहेरूनच कान लावून बसते,
तापलेल्या लेकराच्या छातीला लावावा तसा,
आत थेंब पडतोय का ऐकत.

प्रभू, तुझी पहिली माणसं मासेवालीच होती.
रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हातांनी परतणं
त्यांनाही ठाऊक होतं, कबूल.
पण वीज कंपनीशी त्यांची गाठ पडली नव्हती,
डॉलर चढला म्हणून बोटीवरची पेटी
रातोरात दीडपट झाली नव्हती.
हे तक्रार म्हणून सांगत नाही.
बरं, तक्रार म्हणूनच सांगते.

कोजो एनू म्हणाला, “मावशी, वीज आली की
पुन्हा गोठेल सगळं. वर बर्फ चढला
की कोण ओळखतंय? सगळे हेच करतात.”
तो वाईट नाही. त्याला दोन मुली आहेत
आणि त्याचा पगार मीच थकवलाय.

मी विचार केला.
खोटं कशाला बोलू, बराच वेळ केला.
बर्फ काही बोलत नाही.
त्याच्याखाली झाकलेलं निघतं ते
तिसऱ्या दिवशी, कुणाच्या तरी पोरात, उलटीबरोबर.

आजवर मला वाटायचं, धंद्यात तुझा वाटा म्हणजे
दशमांश, कापणीच्या सणाला चॅपेलमध्ये दोन पेट्या,
महिला मंडळाने बसवलेल्या पंख्यावर आमचं नाव.
वाटा दिला, पावती घेतली,
उरलेलं दुकान माझं.
आणि तू इथे, मध्यरात्री, अंधारात,
मऊ पडत चाललेल्या माशाच्या डोळ्यातून
माझ्याकडे बघत.
पंख्याबद्दल तू काहीच विचारलं नाहीस.

मग उठले. टॉर्च कोजोच्या हातात दिला.
चारही झाकणं उघडली.
किनाऱ्यावर अराबा टेकीवाच्या भट्ट्या आहेत,
मातीच्या, गोल, रात्रीसुद्धा कोमट.
हातगाडीच्या चार खेपा.
तिने झोपेतच मासा दाबून पाहिला, म्हणाली,
“आज धुरावला तर चालेल. उद्या नाही.
पण पैसे आत्ता नाहीत माझ्याकडे.”
म्हटलं, माझ्याकडेही नाहीत.
तेव्हा ती हसली. पाटीवरच्या बांगड्यांसारखी.

निम्म्या भावात गेला माल, तोही उधारीवर.
जो मऊ होता तो वाळूत पुरला आम्ही.
सकाळी तिघांना बोलावून वही उघडी ठेवली,
वाचा म्हटलं. आकडे लपवले नाहीत.
दोन तृतीयांश पगार दिला. एक जण
काही न बोलता टेमाच्या बंदरावर कामाला गेला,
त्याला दोष कसा देऊ?

वीज सातला आली,
रिकामे फ्रीझर घुमू लागले.
याला मी तुझं उत्तर म्हणणार नाही,
पाळीच आमच्या भागाची होती.

आज अकरा दिवस झाले. बँकेचं पत्र आलंय,
अजून फोडलेलं नाही.
अराबाने पहिला हप्ता पाठवलाय पोराबरोबर:
चुरगळलेल्या सेडीच्या नोटा, केळीच्या पानात,
धुराचा वास इतका की
वहीच्या त्या पानालाही लागलाय.
मोजल्या. तिने दहा जास्त दिलेत.
पोराला थांबवलं,
दहा परत केले,
आणि तराजू पुसायला घेतला.