मळी

बाबा गुळवे होते, काकतीकडच्या एका गुऱ्हाळावर.
रस उसळला की भेंडीचा चीक ओतायचे
आणि लांब दांड्याच्या झाऱ्यानं
हिरवटकाळी मळी अशी उचलायचे
की खालचा रस जागा व्हायचा नाही.

मीही तेच करते.
फक्त चुलवाण नाही. डेपोच्या पायथ्याशी
उंच निळी नळकांडी,
कचऱ्याच्या डोंगरातून पाझरलेलं कोऱ्या चहासारखं पाणी,
आणि तळातून सोडलेले बारीक बुडबुडे.
जे कुजत नाही, विरत नाही,
कुठला किडा ज्याला तोंड लावत नाही,
ते बुडबुड्याच्या पाठीवर बसून वर येतं,
फेस होतं.
तव्याला चिकटू न देणारं, रेनकोटाला भिजू न देणारं,
आमच्याच घरातलं.

रिपोर्ट बेंगळुरूहून, कन्नडात. भरमव्वा वाचते:
बाहेरच्या पाण्यात, लिटरमागे तीन नॅनोग्रॅम.
‘म्हणजे किती गं?’
‘राकसकोप काठोकाठ भरलाय समज की.
त्यात मूठभर मीठ.’
हसलो दोघी.
मग कुंपणापलीकडची चांगुणाकाकूंची विहीर दिसली.

बाबांची मळी म्हशी खायच्या.
ह्या ड्रमाला म्हैस नाही.
झाकण आवळते, तारीख घालते,
सिमेंटच्या खोलीत रचते. आजचा एकशे बारावा.
जाळायच्या भट्टीचं टेंडर निघायचंय अजून.

घरी बाबा माझा हात धरून हुंगतात.
हल्ली त्यांना दिवस कळत नाहीत.
‘गूळ कसा उतरला?’
‘उतरला की, बाबा.
मळी तेवढी लई निघाली.’