पाव सूर खाली

वादी कबीरला, टायरवाल्याच्या मागं,
जिथं पूर्वी कोळंबीचं शीतगृह होतं,
तिथं आमचा शेवटचा अल्बम चाललाय.
भिंतीतला थर्माकोल आयताच मिळाला.
वासही.

एसी चालू ठेवला तर माइकमध्ये गुणगुणतो.
बंद केला तर चौदा मिनिटं;
त्यापुढं ऑस्वाल्डच्या हातातून काठ्या निसटतात.
आणि गाणं तेवीस मिनिटांचं.
म्हणून दोन तुकड्यांत वाजवतो,
मध्ये लबनची एकेक बाटली.

सातचा ठेका त्याला मीच दिला, सत्याऐंशी साली,
कॅम्पच्या मेसमध्ये, स्टीलच्या ताटावर:
ती ती ना, धी ना, धी ना.
आठवी मात्रा कुठं गेली, त्यानं विचारलं.
मी म्हणालो, पगारातून कापली.

आता एकतीसला त्याचा व्हिसा संपतो.
कंपनीनं घड्याळ दिलंय.
वर्गीसचं बायपास एकदाच झालं,
त्याच्या सिंथचं तीनदा.
खमीस सोलोच्या आधी चष्मा काढून ठेवतो
आणि नंतर तो शोधण्यात अर्धा टेक जातो.

हेरंब नाही.
सलालाहून येताना, हैमाच्या पुढं, एका उंटापायी.
त्याची एक कॅसेट तेवढी राहिली होती
खमीसच्या पिकअपमध्ये, समोरच्या काचेखाली,
किती उन्हाळे, कुणी मोजले नाहीत.
फीत ताणलीय. आवाज पाव सूर उतरलाय,
जिना उतरता उतरता
मध्येच थांबून कुणी बोलावं तसा.

खमीसची लेक शम्सा मशीनवर बसते.
म्हणाली, चढवून देते, दोन मिनिटांचं काम आहे.
दिला चढवून.
सूर अगदी बरोबर. पण हा हेरंब नव्हे,
हा बँकेत फोन उचलणारा कुणीतरी.

तसा तो नेहमी खालीच लागायचा.
वर ये, वर ये रे, म्हणून आम्ही ओरडायचो
रुवीच्या त्या गच्चीवर,
आणि तो हसून आणखी खाली जायचा.

कुणी काही बोललं नाही.
खमीसनं खुंट्या सैल करायला घेतल्या,
एकेक तार कानाशी धरून.
मग मी माझ्या चार.
वर्गीस बराच वेळ मॅन्युअल चाळत बसला,
शेवटी कुठली तरी कळ त्याला सापडली.
ऑस्वाल्डला उतरवण्यासारखं काही नव्हतं,
त्यानं घड्याळ काढून खिशात टाकलं.

शम्सानं विचारलं, तयार?
आणि एसी बंद केला.